झोपाळा घ्यायचाय? आधी उलटा करून बघा

सहा वर्षांपूर्वी नवीन फ्लॅटमध्ये आलो तेव्हा सोफा नंतर बघू पण हॉलमध्ये झोपाळा हवाच, हे घरात एकमताने ठरलेलं. आजोळी राजापूरला ओटीवर होता तसा, पितळी कड्यांचा. एका मोठ्या शोरूममध्ये गेलो, चकचकीत पॉलिश, पाठीला दोन मोर कोरलेले, सेल्समन म्हणाला एकदम प्युअर सागवान आहे मॅडम. आम्ही हात फिरवला, बसून दोन झोके घेतले आणि पैसे मोजून आलो. पहिल्याच मे महिन्यात पाटाला मधोमध चीर गेली, एटीएम कार्ड आरामात आत जाईल एवढी. फोन केला तर म्हणे नॅचरल लाकूड आहे, एवढं होणारच.

शेवटी ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी झोपाळा उतरवला, सतरंजीवर उलटा ठेवला आणि बराच वेळ नुसते बघत बसले. मग म्हणाले, "ताई, घेताना असा उलटा केला होतात का?"

नव्हता केला. कोण करतं हो!

तर उलट्या बाजूला काय दिसलं ते सांगते. पाट अखंड नव्हता, तीन फळ्या जोडलेल्या, त्याला हरकत नाही, पण कडेची फळी पांढरट, खाली पॉलिशचा एक हातसुद्धा मारलेला नाही, आणि खालून ज्या आडव्या पट्ट्या असतात त्या गोंद लावून वर खिळे मारून पक्क्या ठोकलेल्या. इथेच सगळी गडबड. लाकूड लांबीला फारसं हलत नाही पण रुंदीला हलतं, पावसाळ्यात हवेतला दमटपणा पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. साग त्यातल्या त्यात गुणी, तरी दोन फूट रुंदीचा पाट वर्षभरात तीन-चार मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतो. आता पाटाला आक्रसायचंय आणि पट्टीने त्याला धरून ठेवलंय, मग तो फाटणार नाही तर काय करेल. वरून पॉलिश आणि खालून कोरा असेल तर आणखी वाईट, एक बाजू दमट हवा पिते, दुसरी पीत नाही, आणि पाटाला वाटीसारखा बाक येतो.

जाणता सुतार त्या पट्टीला स्क्रूचं भोक गोल न पाडता लांबट पाडतो म्हणजे स्क्रूला सरकायला जागा राहते, किंवा पाटालाच खाच मारून पट्टी त्यात गोंद न लावता सरकवतो. हे वरून कधीच दिसत नाही. त्यानंतर माझा देव्हारा, बहिणीचा पलंग आणि सासूबाईंचा चौरंग अशा तीन खरेद्या मी काकांना बरोबर घेऊन केल्या आणि त्यात जे शिकले ते लिहितेय. दुकानदार वैतागतात, वैतागू देत.

पहिलं लाकूड

"सागवान", "टीक फिनिश" आणि "सागवान पॉलिश" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्यात रंग सागाचा असतो, आत आंबा, बाभूळ, रबरवूड काहीही असू शकतं. ही लाकडं वाईट असतात असं नाही, पण आंब्याला कीड लवकर लागते आणि पैसे सागाचे द्यायचे नसतात एवढंच. म्हणून बिलावर "सॉलिड सागवान" असं लिहून मागायचं, तोंडी नको. बिलाचं नाव काढलं की बऱ्याच दुकानांत भाषा बदलते, "मॅडम फ्रेम सागवान आहे, पॅनेल प्लायचं आहे" असं हळूच बाहेर येतं.

आपल्याकडे सागात सीपी टीकला मान आहे. सीपी म्हणजे इंग्रजांच्या वेळचा सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, त्यातलं आपल्याकडे आलेलं म्हणजे चंद्रपूर, बल्लारशा, गडचिरोलीतलं आलापल्ली हा पट्टा. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेलं ते इथलंच. पण बाजारात आफ्रिकेतून, दक्षिण अमेरिकेतून येणारं लागवडीचं सागही भरपूर आहे, ते बरंचसं लवकर वाढवून लवकर तोडलेलं असतं त्यामुळे त्यात पांढरा भाग जास्त निघतो. खोडाच्या मधला गाभा सोनेरी-तपकिरी असतो, तेलकट असतो, वाळवी आणि कीड त्याच्या वाटेला सहसा जात नाही. सालीलगतचा पांढरट भाग मात्र कच्चा, किडीला तोच आवडतो. त्याला रंग मारून गाभ्यासारखं करणं हा दोन मिनिटांचा खेळ आहे, आणि तो वरून ओळखू येत नाही. खाली, मागे, खणाच्या आतल्या बाजूला, जिथे रंग मारायचा कंटाळा केलाय तिथे दिसतो.

ओळखायचं कसं? फळीचं कापलेलं टोक बघा. वरच्या बाजूला ज्या रेषा दिसतात त्याच टोकावरून खाली उतरायला हव्यात. वर सुंदर डोंगर-डोंगर नक्षी आणि टोकाला एक पातळ पट्टी चिकटवलेली, किंवा आडवे-उभे थर, म्हणजे प्लायवर विनियर, लाकडाचा कागदासारखा पातळ थर. सागाच्या टोकावर वर्षाची वलयं आणि त्या वलयांना धरून बारीक छिद्रांची रांग नुसत्या डोळ्यांनी दिसते. दुसरं म्हणजे वास. खालच्या बाजूला पॉलिश नसलेल्या कोपऱ्यात नखाने किंवा किल्लीने जरा खरवडायचं (दुकानदाराला विचारून हो, नाहीतर माझं नाव सांगाल) आणि नाक लावायचं. सागाला चामड्यासारखा, जरासा तेलकट वास येतो आणि बोटाला मेणचट लागतं. एकदा सुताराच्या कारखान्यात जाऊन रंध्याखालचा ताजा भुगा हुंगून बघा, आयुष्यभर विसरणार नाही.

वजनावर मात्र फार जाऊ नका. "किती जड आहे बघा" हे दुकानातलं आवडतं वाक्य, पण शिसव सागापेक्षा जड असतं, आणि जाड एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, तोसुद्धा काही हलका नसतो. वजनाचा खरा उपयोग हिशोबाला होतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दीड इंच जाड पाट म्हणजे दीड घनफूट लाकूड. वाळलेलं साग घनफुटाला साधारण १८ किलो भरतं, म्हणजे नुसता पाट २७-२८ किलो व्हायला हवा. १८-२० भरला तर आत काहीतरी पोकळ किंवा हलकं आहे.

ओलाव्याचं पण बघा. मॉइश्चर मीटर आता ऑनलाइन मिळतो, त्याच्या दोन सुया लाकडात टेकवल्या की आकडा येतो. १२ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, १६-१८ टक्के दाखवत असेल तर ते लाकूड अजून वाळायचं आहे आणि ते तुमच्या हॉलमध्ये वाळणार, म्हणजे चिरा पण तुमच्याच हॉलमध्ये.

सगळं सागाचंच हवं असंही नाही. शिवणीचं लाकूड हलकं, शिवाय फार वेडंवाकडं होत नाही, जेवायच्या पाटाला ते मला सागापेक्षा बरं वाटतं. फणसाचा देव्हारा पहिल्यांदा पिवळाधमक दिसतो आणि वर्षागणिक गडद होत जातो, आमच्या आजोळचा आता चहाच्या रंगाचा झालाय.

सांधे, म्हणजे खरी परीक्षा

लाकूड पैसे टाकून चांगलं मिळतं, सांधा मात्र हातातच असावा लागतो. पाय आणि दांडी जिथे भेटतात तिथे एका तुकड्याला कुसू, म्हणजे पुढे आलेलं बारीक टोक, काढून दुसऱ्याच्या भोकात बसवलेलं असतं. जुन्या कामात कुसू आरपार काढून पलीकडून पाचर मारायचे, किंवा आडवी लाकडी खुंटी ठोकायचे. आजही चांगला सुतार हेच करतो, बरोबर फेविकॉल लावतो, त्यात काही पाप नाही. पाप आहे ते नुसती दोन लाकडं टोकाला टोक चिकटवून वर दोन स्क्रू मारणं, कारण हे चार-दोन वर्षांत डुगडुगायला लागतंच.

सांध्यापाशी मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. सांध्याची रेघ केसासारखी बारीक हवी. जाड, रंगाने थोडी वेगळी, गुळगुळीत रेघ दिसली तर तिथे फट होती आणि लांबी, म्हणजे फट बुजवायची पुट्टी, भरलीय. भुसा आणि फेविकॉल कालवून भरलेली फटही अशीच दिसते, फक्त तिच्यात लाकडाच्या रेषा नसतात, मातीचा लिंपलेला गिलावा असावा तशी दिसते. एखाद-दुसरीकडे असेल तर सोडून द्या, माणसाचा हात आहे. सगळ्या कोपऱ्यांत असेल तर उठा तिथून.

मग हलवून बघा. खुर्ची असेल तर मागचे दोन पाय टेकवून पुढचे उचला आणि पाठ धरून डावी-उजवीकडे पिळल्यासारखं करा. पलंग असेल तर एका कोपऱ्याला गुडघ्याने ढकला. करकर आवाज किंवा सांध्यात हालचाल नको. चौरंग सपाट फरशीवर ठेवून चारही कोपऱ्यांवर बोटाने दाबा. आणि काकांची सुतळीची युक्ती तर भारी आहे. चौरंगाच्या, टेबलाच्या किंवा देव्हाऱ्याच्या चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत सुतळी धरायची, बोटाने माप पकडायचं, आणि तेच माप दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावायचं. दोन्ही सारखी आली तर चौकट काटकोनात. सासूबाईंच्या चौरंगाच्या वेळी पहिल्या दुकानात बोटभर फरक आला, दुकानदार म्हणाला तुमची सुतळी ताणली गेली असेल. मी पण त्याला तीच सुतळी दिली, घ्या तुम्हीच मोजा.

दारं असतील, म्हणजे कपाट, देव्हारा, तर दिल्हा बघा. चौकटीच्या आत जो पातळ फळा बसवतात तो दिल्हा. तो खाचेत मोकळा बसलेला असावा, हलक्या हाताने ढकलला तर किंचित सरकला तरी चालेल, उलट चांगलंच. झोपाळ्याच्या पाटाची गोष्ट आहे तीच इथे, दिल्हा गोंदाने पक्का केला तर एक तर तो फाटेल नाहीतर चौकटीचा सांधा उघडेल. बऱ्याच लोकांना सरकणारा दिल्हा म्हणजे ढिलं काम वाटतं आणि ते सुताराकडून हट्टाने पक्का करून घेतात.

खण पूर्ण बाहेर काढा. समोरची फळी आणि बाजूची फळी कशी जोडलीय बघा. कबुतराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेले असतील तर खण ओढून ओढून उखडत नाही. हाताने कापलेले दात थोडे लहान-मोठे असतात, मशीनचे सगळे एकसारखे. नुसते खिळे असतील तर साड्यांचा गठ्ठा भरल्यावर काय होईल ते कल्पनेनेच बघा. खण काढल्यावर रिकामी जागा राहते तिथून आत हात घालून मागची बाजू चाचपा, बोटाला किंचित लाटा जाणवल्या तर हाताच्या रंध्याचं काम, अगदी बारीक एकसारख्या आडव्या रेघा लागल्या तर मशीनचं.

नक्षी हाताची की मशीनची

आता सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन गल्लोगल्ली झालंय आणि त्यावर मोर, हत्ती, वेल सगळं निघतं. मशीनला माझा विरोध नाही, पण भाव हाताच्या कामाचा लावतात ते खुपतं. ओळखायला सोपं आहे. मशीनमध्ये टोकाला गोल फिरणारं पातं असतं, त्यामुळे नक्षीच्या आतल्या कोपऱ्यात टोकदार काटकोन त्याला काढता येत नाही, कोपरा किंचित गोलच राहतो. पटाशी, म्हणजे सुताराची छिन्नी, टोक धरून कोपऱ्यात जाते, म्हणून हाताच्या कामात पानाचं टोक, पाकळीचा खोल कोपरा धारदार असतो. मशीनच्या खोलगट भागात टॉर्च मारला की बारीक समांतर लाटा दिसतात, घाईत सॅंडपेपर मारलेला असला तरी कुठेतरी राहतातच. आणि डावा मोर आणि उजवा मोर शेजारी ठेवून बघा. पिसांची संख्या, डोळ्याची जागा, मान वळलेली, सगळं आरशातल्यासारखं तंतोतंत असेल तर मशीन. माझ्या त्या झोपाळ्याचे मोर तंतोतंत होते, आणि वर वेगळे करून चिकटवलेले होते, हे सुतारकाकांनी नखाने कड उचकटून दाखवलं.

संखेडा घेणार असाल तर मात्र दुसरे नियम. गुजरातेतल्या संखेड्याचं हे काम, आपल्याकडेही पुष्कळ घरांत त्याचा झुला किंवा खुर्च्या असतात, ते सागाचं आणि खरादावर फिरवलेलं असतं, त्यात नक्षी कोरायची नसते तर रंगवायची असते. कथलाच्या लेपाने हाताने नक्षी काढतात, अकीकाच्या दगडाने घासतात आणि वरून लाख चढवतात, त्यामुळे चांदीसारखी नक्षी सोनेरी दिसायला लागते. तिथे बघायचं ते नक्षीची रेघ, हाताची असेल तर जाडी-बारीकी बदलते, फुलं एकसारखी नसतात. स्टिकर किंवा प्रिंट असेल तर बोटाखाली कड लागते आणि फुलं झेरॉक्स काढल्यासारखी. सावंतवाडीच्या रंगीत पाट-चौरंगांचंही तेच, चितारआळीत गेलात तर एखादा पीस रंगवताना बघायला मिळाला तर थांबा, दुकानात वीस प्रश्न विचारून कळणार नाही ते दहा मिनिटांत कळतं.

जुनं म्हणून विकतात ते

वाडे पडतात तसं त्यांचं लाकूड बाजारात येतं, तुळया, खांब, कडीपाटाच्या (जुन्या लाकडी छताच्या) फळ्या. पुण्याचा जुना बाजार, मुंबईत ओशिवरा-जोगेश्वरीचं मार्केट, चोर बाजार, इथे खरोखर चांगला माल मिळतो, कारण शंभर वर्षं वाळलेलं साग आता कुठे मिळणार. पण नवं बनवून जुनं म्हणून विकणंही तिथेच चालतं.

झीज कुठे झालीय बघा. माणूस खुर्चीच्या हातांवर हात ठेवतो, पुढच्या आडव्या दांडीवर पाय ठेवतो, खण एकाच जागी धरून ओढतो. झीज तिथेच हवी. सगळीकडे सारखीच घासलेली, साखळीने मारल्यासारखे खड्डे, म्हणजे मागच्या महिन्यात म्हातारी केलेली खुर्ची. स्क्रू बघा, स्टारच्या, म्हणजे अधिक चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात आले, मग "दीडशे वर्षांपूर्वीच्या" आरामखुर्चीत ते मूळचे कसे असतील? दुरुस्तीत नंतर घातले असतील हे शक्य आहे, पण सगळेच तसे असतील तर भाव करा.

कीड मात्र इथे नीट बघा, घरातल्या बाकीच्या फर्निचरचा प्रश्न असतो. वस्तूखाली पांढरा कागद ठेवा आणि वरून मुठीने ठोका. पिठासारखा बारीक भुसा पडला आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली, भोकांच्या कडा आतून ताज्या पांढऱ्या असल्या, तर कीड जिवंत आहे. भोकं काळवंडलेली आणि भुसा नाही, तर बहुतेक जुनी गोष्ट. तरी कागद आठ दिवस खाली ठेवायला सांगा, खरंच विकायचं असेल तर दुकानदार ठेवतो.

ऑर्डर देऊन करून घेताना

मला विचाराल तर तयार घेण्यापेक्षा हाच मार्ग बरा. टिंबर मार्केटमध्ये, पुण्यात असाल तर भवानी पेठेत, लाकडाचा घनफुटाचा भाव विचारा. वस्तूचे घनफूट काढा, त्यात कापाकापीत वाया जाणारं पाव भाग तरी वाढवा, मग मजुरी आणि पॉलिश वेगळं. हा हिशोब हातात असला की कोण किती सांगतोय ते लगेच कळतं, आणि कोणी लाकडाच्या भावापेक्षा कमीत पूर्ण झोपाळा देतो म्हणाला तर ते साग नव्हे एवढंही कळतं.

पैसे तीन हप्त्यांत द्या आणि मधला हप्ता पॉलिशच्या आधी पीस बघून. ही अट सुरुवातीलाच घाला, नंतर घातली तर रुसतात. कोरा पीस खोटं बोलत नाही, गाठी, पांढरा भाग, भरलेल्या फटी सगळं उघडं. लहान, घट्ट बसलेली गाठ चालते, पण झोपाळ्याच्या कड्या जिथे येणार त्या भोकाजवळ गाठ नको, आणि भोक फळीच्या टोकापासून निदान दोन-अडीच इंच आत हवं, नाहीतर वजनाने तिथून फाटते.

पॉलिश कुठलं ते विचारा. फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख आणि स्पिरिट, दिसायला सगळ्यात सुंदर, लाकूड लाकडासारखं दिसतं, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. दुरुस्त मात्र घरी होतं. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, टणक, पाणी-चहा झेलतं, पण ओरखडा आला की पूर्ण खरवडून काढावं लागतं. देव्हाऱ्याला, पाठीला फ्रेंच आणि बसायच्या पाटाला पीयू असं मी केलं, कोणाला ते मिसळलेलं आवडत नाही, ठीक आहे. दुकानातलं कुठलं आहे कळत नसेल तर आडबाजूला कापसाने स्पिरिटचा एक थेंब टेकवा, चिकट झालं तर लाख.

कड्यांना चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा, कोकणात असाल तर दोन पावसाळ्यांत गंज बाहेर येतो. चुंबक न चिकटणाऱ्या कडीतही पोकळ असते, हातात घेऊन वजन बघा आणि प्रत्येक कडीचा जोड बंद केलेला आहे ना ते बघा, नुसता वाकवून टेकवलेला नको.

आणि तो स्लॅबमधला हूक. झोपाळा कितीही चांगला असला तरी सगळा भार त्याच्यावर, आणि पाहुण्यांची पोरं एका वेळी चार-चार बसतात. हूक स्लॅबच्या सळईला धरून घातलेला हवा, नंतर भोक पाडून बसवायचा तर इंजिनीअरला विचारून, पंखेवाल्याला विचारून नव्हे. आमचा नवा झोपाळा काकांनी केला, त्याच जुन्या हूकवर टांगला, आणि तो पहिल्या दिवसापासून प्रत्येक झोक्याला करकरायचा. मला वाटलं झालं, परत सांधा गेला. काका आले, स्टुलावर चढले, हूक आणि कडी घासतात तिथे खोबरेल तेलात भिजवलेली चिंधी फिरवली आणि चहा प्यायला बसले. उतरताना सांगून गेले, दर गुढीपाडव्याला एकदा करत जा.